डाव्या हाताचं हँडल

५ जानेवारी २०२५, रविवार

जीनत मॅडम म्हणाल्या, नोंद ठेवा. भाऊने आज चेंडू दाबला का, हात खांद्यापर्यंत गेला का, घास कुठल्या हाताने घेतला, सगळं लिहा, म्हणजे पुढच्या वेळी आल्यावर मला कळेल. त्या फिजिओथेरपीवाल्या. स्कूटीवरून येतात, चप्पल दारातच भिरकावतात आणि आल्या आल्या भाऊचा डावा हात धरतात. गोड बोलणं त्यांना जमत नाही, पण काम चोख.

तर नोंद. भाऊने आज चेंडू दाबला नाही. कालही नाही. घास उजव्या हाताने घेतला. संपली नोंद.

पान मोठं आहे म्हणून लिहिते. प्रेमराज माझा मोठा भाऊ. सुरतेकडच्या एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं क्रेनवर होता. उंच केबिनमध्ये बसायचं आणि दोन्ही हातांत दोन दांडे धरून लोखंडाची रिळं इकडून उचलून तिकडे ठेवायची. ऑक्टोबरात पॅरालिसिसचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पायही बराच सुधारला, डावा हात मात्र गेल्यात जमा. लग्न त्याने केलं नाही. मग दुसरं कोण आणणार? दिवाळीआधी आम्ही त्याला धुळ्याला घेऊन आलो. देवपुरातल्या आमच्या घराची मागची खोली त्याला दिली.

माझ्याकडून मी काही कमी करत नाही. शर्टांची बटणं काढून चिकटणाऱ्या पट्ट्या शिवल्या. भाकरी चुरून देते. कात्री, ब्लेड, सुरी वरच्या फळीवर ठेवली. चहा अर्धा कपच देते, सांडायला नको. तो काही बोलत नाही. टीव्ही बघतो, म्हणजे टीव्हीकडे तोंड करून बसतो.

नवल (वहीत नाव लिहिते, तोंडाने कधी घेत नाही) आज म्हणाले, "त्यांना भाकरी स्वतः मोडू दे की."

मी म्हटलं, "आणि नाही मोडता आली तर?"

ते पेपर वाचत बसले.

११ जानेवारी, शनिवार

एक सुचलं आहे.

दवाखान्यात असताना भाऊ एकदाच हसला होता. नवलनी विचारलं होतं, "शाळा बुडवून तुम्ही जायचात तरी कुठं?" त्यावर भाऊ पाचव्या गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानाबद्दल बोलायला लागला तो थांबेना. लाकडी पेट्या, आत टीव्ही, पुढे एक हँडल आणि बटणं. नाणं टाकायचं, खेळायचं. एका नाण्यावर भाऊ इतका वेळ खेळायचा की दुकानदार वैतागायचा. वडील तेव्हा एसटी डेपोत होते, आमचं बिऱ्हाड जवळच होतं. साक्रीकडून नवीन आलेलो, अहिराणीशिवाय बोलता येत नव्हतं, मुलं चिडवायची. त्या दुकानात मात्र भाऊला कुणी चिडवत नसे.

तशी पेटी घरी करायची. आमची मुलगी रूपा नाशिकला नर्सिंगला गेल्यापासून तिचा जुना कॉम्प्युटर पडून आहे, जुने गेम त्यावर चालतात. नवल आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन शिकवतात, वायरिंग ते करतील. पेटी पुना मिस्त्री करेल. उरलं हँडल आणि बटणं. सगळं मिळून आठ हजारांच्या वर जायचं नाही, असं आमचं ठरलं.

नवलनी विचारलं, "भाऊंना सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर नको म्हणेल."

"मग?"

"मग तयार झाल्यावर नको कसं म्हणेल?"

१९ जानेवारी, रविवार

मला वाटलं होतं, हँडल म्हणजे हँडल. आठवडाभर डबा खाताना मोबाईलवर व्हिडिओ बघतेय आणि डोकं भणाणलंय.

एका हँडलच्या टोकाला गोळा असतो, दुसऱ्याचं टोक खाली निमुळतं, मुठीत धरायचं. काहींच्या खालच्या पट्टीला चारच दिशा असतात, काहींना आठ. काही इतकी सैल की फुंकर मारली तर हलतील, काही घट्ट. हँडल ज्या दिशेला न्याल त्या बाजूचं छोटं स्विच टक् करून वाजतं. बटणांचंही तसंच. खोलगट, फुगीर, दिवे लागणारी, न लागणारी. दिव्यांचा पूर्ण संच घेतला तर चांगल्या हँडलला पैसे उरत नाहीत. चांगलं हँडल घेतलं तर बटणं साधी घ्यावी लागतात. लोक यावर भांडतात, अक्षरशः. एक माणूस तर अर्धा तास नुसत्या स्प्रिंगवर बोलला आणि मी तो अर्धा तास ऐकला.

मी दिवे सोडले. हँडल सगळ्यात हलकं घ्यायचं, भाऊला त्रास व्हायला नको.

जीनत मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "चांगलंच आहे. हाताला काम पाहिजे, आणि ते काम करावंसं वाटलं पाहिजे. चेंडू कुणाला दाबावासा वाटतो? मला तरी नाही वाटत."

"हलकं घेऊ ना?"

"ते त्यांना विचारा. हात त्यांचा आहे."

सगळे हेच सांगतात. अरे, पण ज्याला आंघोळीला गार पाणी हवं की गरम हे सांगायचा कंटाळा येतो, तो हँडलचं काय सांगणार?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून जळगावची एसटी धरली. तिथे एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावरचा गेम झोन बंद पडला आहे आणि मालक सुटे भाग विकतोय, असं नवलना कुणीतरी सांगितलं होतं. ऑनलाइन मागवण्यापेक्षा हातात धरून बघितलेलं बरं.

शटर अर्धं वर. आत पेट्या भिंतीकडे तोंड करून उभ्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. मालक बन्सीलाल, साठीचा भला माणूस. म्हणाला, "पोरं आता मोबाईलवर खेळतात, ताई. इथं सावलीला यायची तेवढी." मला हँडल पारखायची आहेत म्हटल्यावर त्याने एक पेटी सुरू करून दिली.

खेळ साधाच. खाली आपलं विमान, वरून शत्रूची विमानं उतरतात. पहिल्यांदा उतरताच मेले. दुसऱ्यांदा थोडी तगले. मग हलकं हँडल काढून त्याने घट्ट लावलं. त्यावर तळवा दुखतो, पण टक् वाजलं की कुणीतरी "हो" म्हटल्यासारखं वाटतं. नक्की कुठलं चांगलं ते ठरेना म्हणून पुन्हा हलकं लावायला सांगितलं. मग पुन्हा घट्ट. तपासणी नीट व्हायला हवी ना. एकदा तर अशी लय लागली की शत्रूची विमानं कुठून येणार ते आधीच कळत होतं. विचार न करता हात जात होता.

"ताई, धुळ्याची गाडी गेली असेल तुमची," बन्सीलाल म्हणाला. तेव्हा बाहेर बघितलं तर ऊन उतरलं होतं. दुपारचं जेवणही राहून गेलं होतं.

मी हलकंच घेतलं. बन्सीलाल म्हणाला, "हे वर्षभरात डुगडुगायला लागेल. घट्ट टिकतं." मी म्हटलं, पेशंटसाठी आहे. तेव्हा त्याने ते कागदात गुंडाळून दिलं. निघताना घट्टवालंही त्याने पिशवीत टाकलं. त्याच्या जोडीतलं दुसरं मोडलंय, एकट्याला गिऱ्हाईक मिळणार नाही म्हणाला.

परतीच्या गाडीत पाचवी गल्ली आठवली. भाऊ आत खेळायचा आणि मी दाराशी उभी, दोघांची दप्तरं धरून. मुली आत जात नसत. अडवायचं कुणी नाही, पण जात नसत. मला त्याचं काही वाटायचं नाही. आत गर्दी फार असायची.

२ फेब्रुवारी, रविवार

पुना मिस्त्रीने पेटी आणली. बसून खेळता येईल एवढ्याच उंचीची केली आहे. भाऊचा पाय दमतो.

मांडणीवर मी खूप विचार केला. सगळ्या जगात हँडल डाव्या हाताला असतं आणि बटणं उजव्या. भाऊचा डावा तर चालत नाही. मग हँडल उजवीकडे. आणि गोळी मारायचं बटण? ते पायाखाली, शिलाई मशीनसारखं. ही युक्ती माझी. पुनाने मान डोलावली. डावी बाजू मोकळी राहत होती, तिथे स्पंजची गादी बसवून वर मखमलीचा तुकडा ताणला. हात लटकून दुखायला नको, आरामात राहील.

पुना भोकं पाडायला बसला तेव्हा म्हणाला, "ताई, डावीकडं एक तरी भोक पाडून ठेवू का? लागलं तर लागलं. मग फळी बदलायला नको."

"नको. कशाला?"

काम देखणं झालंय. नवलनी वायरी जोडल्या. एकच टकटक ऐकू येते, उजवीकडून.

९ फेब्रुवारी, रविवार

आज दाखवलं.

हॉलमध्ये पेटीवर चादर टाकून ठेवली होती. भाऊला हाताला धरून आणलं आणि चादर ओढली. पडद्यावर खेळाचं नाव चमकत होतं. भाऊच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं, मी बघितलं, खोटं नाही सांगत. मग त्याची नजर खाली फळीवर आली. त्याने हँडल बघितलं. बटण शोधलं. मी पायाखालचं दाखवलं. मग तो गादीकडे बघत राहिला.

आम्ही घरात अहिराणीच बोलतो, वहीत मराठी करून लिहिते; हे मात्र तसंच. तो अगदी हळू म्हणाला, "दिपू, मना डावा हात कथा गया?"

हात कुठे गेला म्हणजे? मला कळलं नाही. म्हटलं, "हात ना? इथे ठेवायचा. बघ किती मऊ आहे."

"आठे मना हात निजाडू का?"

"अरे, दुखायला नको म्हणून..."

"तुले कोनी सांगं?" मग प्रमाण मराठीत, जशी तो कारखान्यातल्या साहेबांशी बोलत असेल तशी: "मी मेलेलो नाही. अर्धाही मेलेलो नाही."

आणि भिंतीला धरत धरत स्वतःच मागच्या खोलीत गेला. मी धरायला गेले तर उजव्या हाताने मला बाजूला केलं. लागलं नाही, पण केलं.

खरं लिहिते. मला राग आला. जळगावला गेले, महिनाभर डोकं फोडलं, गादीला मखमल लावली. कुठला भाऊ आहे ज्याच्यासाठी कुणी एवढं करतं? नवलना म्हटलं, "तुम्ही काही बोलत का नाही?"

ते म्हणाले, "काय बोलू, दीपा? मी बोललो होतो."

ते कधी बोलले होते, मला आठवत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी वायरिंग ठीक आहे ना ते बघायला पेटी सुरू केली. कॉलेजच्या ऑफिसला जायला उशीर झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर पेटी चालू ठेवली. बंद पडून राहिली तर खराब होते. कॉलेजातून आल्यावर थोडा वेळ, स्वयंपाकाआधी थोडा वेळ. पायाचं बटण सवयीचं झालंय. मंगळवारी चौथ्या टप्प्यापर्यंत गेले आणि भाजी करपली. नवलनी तशीच खाल्ली.

भाऊशी बोलणं नव्हतं. ताट नेऊन ठेवायचं, ताट आणायचं. आज जेवताना एकदम म्हणाला, "तू डावीकडं वळताना हँडल सोडून देतेस."

"तुला काय माहीत? तू तर आत असतोस."

"आवाज येतो ना. टक् वाजतं, मग काहीच नाही, मग परत टक्. धरून ठेवायचं. क्रेनचंही तसंच असतं. सोडलं की माल झुलतो."

चार महिन्यांत तो माझ्याशी एवढी वाक्यं बोलला नव्हता. मी म्हटलं, दाखव. तो आला. खुर्चीत बसला, डावा हात मांडीवर ठेवला, गादीवर नाही, आणि उजव्या हाताने खेळला. विमान पटकन पडलं. उजवा हात त्याचा हँडलचा नव्हे, बटणाचा. पाय तर बटणावर वेळेत जातच नव्हता. मग माझी पाळी. मी सहज तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचले.

पुन्हा त्याची पाळी, पुन्हा लवकर मेला. म्हणून पुढच्या वेळी मी मुद्दाम विमान धडकवलं. त्याच्या पुढच्याही वेळी.

भाऊने माझ्याकडे बघितलं. "आता दोनदा हँडल हललंच नाही. तू हलवलंच नाहीस."

मी हँडल पुसायला लागले.

"जीनत मॅडम माझं बोट धरून सांगतात, हे येणार नाही, हे येईल. येणार नाही ऐकताना वाईट वाटतं. पण येईल म्हणतात तेव्हा माझा विश्वास बसतो. तू म्हणतेस सगळं छान आहे. भाकरी चुरतेस आणि म्हणतेस छान आहे. मग माझ्या हाताने खरं कुणाचं ऐकायचं?"

मी उठून कुकर लावला. त्याला शिट्ट्या होईपर्यंत मी तिथेच उभी होते. मी खोटारडी नाही. त्याला बरं वाटावं म्हणून केलं, त्याला खोटं म्हणतात का?

म्हणतात बहुतेक.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्रीची सुट्टी. सकाळी मंदिरात रांग होती, परत यायला वेळ लागला. घरी आले तर हॉलभर पुठ्ठ्याचे तुकडे. फ्रिजचं जुनं खोकं माळ्यावर होतं, नवलनी काढून दिलेलं दिसत होतं. भाऊ जमिनीवर पाय पसरून बसला होता, पुठ्ठा गुडघ्याखाली दाबून, आणि उजव्या हातात ब्रेड कापायची करवती सुरी. वरची फळी त्याच्या हाताला येत नाही. ही ओट्यावर राहिली होती.

माझ्या तोंडून ओरडा निघणारच होता. नवल दारात उभे होते. त्यांनी नुसता हात वर केला.

पुठ्ठ्यावर भोकं होती. वाकडी, कडा कुरतडलेल्या. हँडलचं भोक डावीकडे, बटणांची तीन उजवीकडे, तिरक्या ओळीत, बोटं जशी पडतात तशी. माझ्या कामात सगळ्या ओळी सरळ होत्या. बोटं सरळ ओळीत नसतात, हे मला सुचलंच नाही.

"पिशवीतलं दुसरं हँडल कुठंय?" भाऊने विचारलं.

"ते घट्ट आहे, भाऊ. माझाही तळवा दुखतो त्याने."

"म्हणून तर पाहिजे. त्या हलक्याला हात लागला तरी हलतं. हलवलं कुणी, मी की वाऱ्याने, ते मला कळत नाही."

नवलनी फळी काढून पुठ्ठा बसवला, खालून पट्ट्यांचा आधार दिला, घट्ट हँडल डावीकडे जोडलं. पेटीखाली चार विटा घातल्या, कारण भाऊला उभं राहून खेळायचं होतं. बसून कोण खेळतं, म्हणाला.

मग त्याने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि हँडलवर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. बोटं मिटत नव्हती, अंगठाच तेवढा थोडा आत वळत होता. पुन्हा घसरला. पडद्यावर विमान जागच्या जागी मरत होतं, नवीन येत होतं, तेही मरत होतं. मला ते बघवेना. माझे हात आपोआप पुढे जायला लागले तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि उपासाचे साबुदाणे नको तेवढे ढवळत बसले. ते गच्च गोळा झाले.

बाहेर बटणांचा आवाज येत होता, उजव्या हाताचा, भराभर. त्यात मध्येच एक टक्. वेगळा, जड. डावीकडचा.

मी ढवळणं थांबवलं. बऱ्याच वेळाने आणखी एक आला.

मी हॉलमध्ये गेले नाही.

९ मार्च, रविवार

जीनत मॅडमनी हात तपासला. अंगठा आणि पहिली दोन बोटं धरायला लागली आहेत. मनगट बाहेर वळतं. त्यांना इतकं अपेक्षित नव्हतं. रोज किती खेळता विचारल्यावर भाऊ म्हणाला, "दिपू उठवेपर्यंत. तिला खेळायचं असतं, म्हणून मला उठवते." मॅडम मोठ्याने हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग भाऊने विचारलं, "क्रेनवर जाता येईल?"

"नाही," त्या म्हणाल्या. "शेवटची दोन बोटं येतील असं मला वाटत नाही. बारीक काम करता येईल, पण लोकांच्या डोक्यावरचं वजन या हातात कुणी देणार नाही. मी असते तर दिलं नसतं."

मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते. भाऊने नुसती मान हलवली. "बरं झालं सांगितलं."

त्या गेल्यावर त्याने खरी बातमी सांगितली. कारखान्यातून फोन आला होता, गेटवर बसायचं काम देतो म्हणून. त्याने नाही म्हटलं. सुरतेला त्याच्या कारखान्याच्या ट्रकवर असलेला अभिमन आता यावलला असतो. तिथे केळीच्या गाड्यांचा वजनकाटा आहे, त्यावर माणूस हवाय. केबिनमध्ये बसायचं, कॉम्प्युटरवर वजन घ्यायचं, पावती द्यायची. मागे खोली आहे राहायला. पाडव्याला ये म्हणालेत.

"आणि जेवण?"

"करीन."

"तू? एका हाताने?"

"दीड हाताने."

"पडलास तर?"

"पडलो तर उठेन. उठता आलं नाही तर तुला फोन करीन. तू जळगावला तासन्‌तास थांबतेस, यावलला नाही येणार का?"

ते नवलनी सांगितलं असणार. मी रडायला लागले. म्हटलं, मग हे सगळं कशाला केलं मी? पेटी, हँडल, सगळं? तू जाणार होतास तर?

भाऊ थोडा वेळ हँडलवर बोटं फिरवत बसला, डाव्या हाताची. मग म्हणाला, "माझ्यासाठी केलंस ते चुकलं होतं. नंतर तू तुझ्यासाठी खेळायला लागलीस, त्याच्यामुळे मी बाहेर आलो. आते माले जाऊ दे, दिपू."

मी माझ्यासाठी खेळत नव्हते. मशीन चालू ठेवायला लागतं.

२३ मार्च, रविवार

पुना मिस्त्रीने पुठ्ठ्याच्या मापाने नवी फळी करून दिली. वाकड्या भोकांसकट. सरळ करू का म्हणाला, मी नको म्हटलं.

आज भाऊच्या शर्टांना बटणं लावली. त्यानेच सांगितलं, पट्ट्या काढ. दोन लावली आणि तिसऱ्याला त्याने सुई मागितली. मी दिली नाही. म्हणजे ओवून दिली नाही. सुई दिली.

३० मार्च, रविवार

गुढी उभारली. पुरणपोळी झाली. भाऊ दुपारच्या गाडीने गेला. नवल सोबत जाऊन सोडून येणार होते, भाऊने स्टँडवरूनच परत पाठवलं.

मागची खोली झाडली. आज खेळले नाही.

१३ एप्रिल, रविवार

यावलला जाऊन आले. न सांगता गेले. सांगितलं असतं तर त्याने आवरून ठेवलं असतं आणि खरं काय ते दिसलं नसतं. सोबत चिवडा, लोणचं, दोन भांडी, एक उशी. नवल म्हणाले, एवढं कशाला. मी निम्मं घरी ठेवून गेले.

ऊन असं की काट्यावरचं लोखंड दुरून डोळ्यांत जात होतं. केळीच्या गाड्यांची रांग लागली होती. केबिनच्या खिडकीत भाऊ. एक ट्रक चढला, भाऊने उजव्या हाताने कळ दाबली, पावती निघाली. ती त्याने डाव्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी धरून फाडली. ड्रायव्हर वाट बघत होता. फाडायला वेळ लागला. ड्रायव्हरने तंबाखू मळली. पुढचा ट्रक चढला.

मी झाडाखाली उभी राहून दोन-तीन गाड्या बघितल्या. मग त्याने मला बघितलं.

"कधी आली?"

"आताच."

जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत घेऊन गेला. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर एक शर्ट, बटणं लावलेला, पण एक खालच्या काजात गेलेलं. मी उशी ठेवली, तर म्हणाला, चांगलं शे. चिवड्याचा डबा बघून म्हणाला, हा अभिमनला देतो, त्याला आवडतो. मग पातेलं घेतलं.

मी उठले. "सरक, मी करते चहा."

"बठ. बठी ऱ्हाय."

बसले. त्याने पातेलं स्टोव्हवर ठेवलं. काडी पेटवायला वेळ लागला, पहिली विझली, दुसरी मोडली. साखरेचा डबा डाव्या काखेत दाबला आणि झाकण फिरवलं. दुधाची पिशवी दाताने फोडली. मला सगळं दिसत होतं. कुठे पकडायला हवं, कुठे सांडणार, किती सोपं करता येईल. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले. असं मी शाळेतसुद्धा कधी बसले नाही.

चहा गाळताना गाळणं डाव्या हातात होतं. ते थरथरलं. थोडा चहा बशीत गेला, थोडा जमिनीवर, चहापत्ती कपात. त्याने कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "चहापत्ती पडली आहे."

"हो," तो म्हणाला. "रोज पडते."

आणि कप पुढे केला. पूर्ण भरलेला.